हद्दीबाहेरचं समन्स

मुंबईतल्या दोन-अडीच हजार माणसांनी तरी जयवंत धुरीच्या तोंडावर दार आपटलं असेल. त्याचं त्याला काही वाटायचं नाही. तो दिवाणी कोर्टाचा बेलिफ होता. समन्स, नोटीस, हुकूम, जो कागद ज्याच्या नावाचा असेल तो त्याच्या हातात नेऊन द्यायचा आणि सही घेऊन परत यायचं, एवढंच त्याचं काम. ह्याला आमच्याकडे बजावणी म्हणतात. नुसता कागद आणून देणाऱ्या माणसावर लोकांनी इतकं का चिडावं हे मला कधी कळलं नाही, पण चिडतात. एकाने त्याच्या अंगावर कुत्रं सोडलं होतं. एका बाईने गॅलरीतून बादलीभर पाणी ओतलं होतं, आणि ह्या पठ्ठ्याने ओल्या शर्टाने जिना चढून तिची सही घेतली होती.

मी त्याच कोर्टात रेकॉर्ड सांभाळायचो. एकतीस वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला. मी गिरगावातला, तीन पिढ्या कारकुनी केलेल्या घरातला. तो लालबागच्या चाळीतला, गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवणाऱ्या बापाचा मुलगा. मला तो ‘यतीनशेठ’ म्हणायचा, निव्वळ चिडवायला, कारण शेठ म्हणण्यासारखं माझ्याकडे पोट सोडून काही नव्हतं.

‘हद्द’ हा त्याचा लाडका शब्द. कुठल्या कोर्टाचा कागद कुठपर्यंत चालतो हे त्याला तोंडपाठ होतं. माहीमच्या खाडीपलीकडचा पत्ता असला तर तो कागदाला हातही लावायचा नाही. ते काम तिकडच्या माणसांचं. हद्दीत असेल तर कागद म्हणजे हुकूम, हद्दीबाहेर गेला की त्याच कागदात भेळ बांधायची, असं तो नव्या पोरांना सांगायचा.

माझगावची गोष्ट तर त्याने मला पन्नासदा ऐकवली असेल. परदेशी झेंड्याचं एक मालवाहू जहाज दुरुस्तीला आलं होतं आणि त्याच्या कप्तानावर आमच्या कोर्टाचं समन्स निघालं होतं. शिडीवरच्या पहारेकऱ्याने ह्याला अडवलं. हे जहाज म्हणजे दुसऱ्या देशाची जमीन आहे, इथे तुझं कोर्ट चालत नाही, म्हणाला. जयवंतने हुज्जत घातली नाही. धक्क्यावर लोखंडी खुंट्यांना जहाजाचे दोर बांधलेले होते. त्यातल्या एका खुंट्यावर त्याने हात ठेवला आणि विचारलं, “दोर कुणाच्या खुंट्याला बांधलाय?” वरून कप्तान बघत होता. तो हसला, खाली आला आणि त्याने सही केली. झेंडा कुणाचाही असो, दोर बांधला असेल तिथली हद्द, हा जयवंतचा कायदा. कायद्याच्या पुस्तकातही थोडंफार असंच आहे म्हणा, पण त्याने पुस्तक वाचलेलं नव्हतं.

निवृत्त होण्याआधी पाच वर्षं त्याच्या हाताखाली वैभव नावाचा नवा बेलिफ आला. सरळ, घाबरट, अक्षर सुंदर. जयवंतने त्याला अख्खी मुंबई पायी फिरवून काम शिकवलं. दारात काय बोललं गेलं ते जसंच्या तसं रिपोर्टात लिहायचं, आणि बोलणाऱ्याचं नाव लिहायचं. माणूस घरात नाही असं सांगितलं की आधी दाराबाहेरच्या चपला मोजायच्या. “लोकांची तोंडं खोटं बोलतात रे, चपला नाय बोलत,” असं तो म्हणायचा. ‘गावी गेलेत’ हे उत्तर त्याने इतक्या वेळा लिहून आणलं होतं की आमच्या रेकॉर्डावरून पाहिलं तर निम्मी मुंबई बारा महिने कोकणात होती.

तो निवृत्त झाला त्यानंतर दोन वर्षांनी, जानेवारीत, त्याची मुलगी अनुजा अमेरिकेहून आली. चुलत भावाच्या लग्नाचं निमित्त होतं. बरोबर सहा वर्षांची मनवा. ती तिकडेच जन्मलेली, तिकडचा पासपोर्ट, मराठी मात्र घरात बोलून बोलून चांगलं पक्कं. तिच्या चपलांच्या टाचेत लाल दिवे होते, पाऊल टाकलं की लुकलुकायचे. चाळीतली झाडून सगळी पोरं त्या चपलांच्या मागे.

लग्न झालं, परतीच्या तिकिटाची तारीख आली आणि गेली. अनुजाने आईजवळ, आम्ही सगळे सुभद्राकाकू म्हणतो त्यांच्याजवळ, तोंड उघडलं. जावई हितेंद्र हात उचलायचा नाही. तो बोलायचाच नाही. तीन-तीन आठवडे, एका घरात राहून. आणि बोलायला लागला की मनवासमोर बसून तिला समजावायचा की तुझ्या आईचं डोकं ताळ्यावर नाही. अनुजाला स्वतःलाच ते हळूहळू खरं वाटायला लागलं होतं. ती म्हणाली, मी परत जाणार नाही आणि मनवाला सोडणार नाही.

ह्यात जयवंतचं काय चुकलं? काहीच नाही. कुठल्या बापाने लेकीला विमानात बसवून पाठवलं असतं? मीही नसतं पाठवलं. चूक पुढे झाली, आणि तिच्यात मीसुद्धा भागीदार आहे, म्हणून तर हे लिहायला बसलो.

मार्चमध्ये हितेंद्रच्या वकिलाचा ईमेल आला. त्याने तिथल्या राज्याच्या कोर्टात मनवाच्या ताब्यासाठी अर्ज केला होता. सोबत अर्जाची प्रत. अनुजा घाबरली. तिने इंटरनेटवर शोधाशोध केली. अमेरिकेतही कोर्टाकोर्टांच्या हद्दी आहेत आणि पोरांच्या बाबतीत तिथे एक नियम आहे, असं तिला सापडलं. मूल ज्या ठिकाणी सलग सहा महिने राहिलेलं असेल त्या ठिकाणच्या कोर्टाने त्याचं बघायचं. दुसऱ्या देशात राहिलेलं असेल तर तो देशही धरतात.

हे ऐकून जयवंत उठून बसला. दहा जानेवारीला मनवा उतरली; दहा जुलैला सहा महिने होत होते. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर दहा जुलैला लाल गोल केला. अनुजाने विचारलं की बाबा, पण त्याने अर्ज तर मार्चमध्येच केलाय. त्यावर तो हसला होता. मी तेव्हा तिथे चहा घेत बसलो होतो.

“अर्ज केला म्हणजे काय झालं?” तो म्हणाला. “बजावला कुठे? बजावल्याशिवाय दावा असतो काय? विचार ह्या शेठला.”

आणि शेठने मान हलवली. एकतीस वर्षं मी फायलींच्या तारखा सांभाळल्या, दावा दाखल झाल्याचा शिक्का पहिल्या पानावर असतो हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण जयवंतच्या दृष्टीने समन्स हातात पडेपर्यंत जगात काही घडलेलंच नसायचं, आणि त्याच्या आवाजात इतकी खात्री होती की मलाही तेच खरं वाटलं. वकिलाला विचारू या, असं मी एकदा म्हटलं होतं. तो म्हणाला, चाळीस वर्षं कोर्टात काढलेला माणूस घरात बसलाय आणि वकील कशाला? मी पुन्हा विषय काढला नाही. अनुजाला त्याने ईमेल उघडायचे नाहीत म्हणून सांगितलं. तिने ते उघडून वाचले, उत्तर एकाचंही दिलं नाही.

परदेशातल्या कोर्टाचं समन्स इथे बजावायचं तर त्याचा एक रस्ता आहे. देशादेशांत तसा करार झालेला आहे. तिकडून ते दिल्लीला येतं, दिल्लीहून पत्त्याच्या शहरातल्या कोर्टात, आणि शेवटी इथल्या बेलिफाच्या पिशवीत. जयवंतने स्वतः अशी सात-आठ समन्सं बजावलेली होती. दिल्लीत कागद किती आठवडे पडून राहतो ते त्याला माहीत होतं. दहा जुलैच्या आत येत नाही, असा त्याचा हिशेब होता.

ते अठ्ठावीस जूनला आलं. सकाळी अकराच्या सुमारास दारात वैभव उभा राहिला, खांद्याला पिशवी, हातात लिफाफा, तोंड उतरलेलं. पत्ता वाचून त्याला कळलेलंच होतं. त्याने हा कागद दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणून विनवून पाहिलं होतं, पण लालबाग त्याच्याकडे होतं.

हे सगळं मला नंतर दोघांनीही सांगितलं, वेगवेगळं, आणि शब्दाचाही फरक नव्हता. वैभवने अनुजाचं पूर्ण नाव वाचलं. जयवंत दारात आडवा उभा होता. आत अनुजा मनवाची वेणी घालत होती. तिच्या नव्या शाळेला त्या दिवशी सुट्टी होती. वैभवने विचारलं, ताई आहेत का?

“गावी गेली,” जयवंत म्हणाला.

वैभवने खाली पाहिलं. चार जोड. एक जयवंतचा, एक सुभद्राकाकूंचा, एक अनुजाचा आणि एक लाल दिव्यांचा. त्याला चपला मोजायला शिकवणारा माणूस समोरच उभा होता. वैभव म्हणाला, “काका, मी काय लिहू?”

“ऐकलंस ते लिही.”

वैभवने तिथेच जिन्याच्या कठड्यावर कागद टेकवून लिहिलं की सदर व्यक्ती गावी गेल्याचे तिचे वडील जयवंत धुरी यांनी सांगितले. चपलांचं लिहिलं नाही. मग तो खाली गेला आणि कोपऱ्यावरच्या दुकानात दोन ग्लास पाणी प्याला.

दहा जुलै उजाडला. सुभद्राकाकूंनी शिरा केला. मनवाला जूनमध्येच जवळच्या शाळेत घातलेलं होतं; तिथल्या बाईंनाही डबाभर शिरा गेला. जयवंतने मला फोन करून बोलावून घेतलं. गॅलरीत त्याने मनवाला खडूने हद्दी काढून दिल्या होत्या: ही आपली, ही शेजाऱ्यांची, हा जिना कुणाचाच नाही. ती एका पायावर उड्या मारत एका हद्दीतून दुसरीत जात होती आणि दर वेळी ओरडून सांगत होती की आता मी इकडची, आता मी तिकडची. जयवंत माझ्याकडे बघून म्हणाला, “पोर आपल्या हद्दीत आली, यतीनशेठ.” इतका खूश मी त्याला त्याच्या निवृत्तीच्या सत्कारातही पाहिला नव्हता.

सप्टेंबरात तिथल्या कोर्टाचा हुकूम आला, एकतर्फी. आई हजर राहिली नाही, ईमेल उघडल्याची नोंद असूनही उत्तर दिलं नाही, प्रत्यक्ष समन्स नेलं तेव्हा ती गावी गेल्याचं सांगण्यात आलं, म्हणजे ती मुद्दाम टाळते आहे. मुलीचा ताबा पूर्णपणे वडिलांकडे. नोव्हेंबरात हितेंद्र तो हुकूम घेऊन मुंबईत उतरला आणि त्याने हायकोर्टात हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. कुणी कुणाला बेकायदा अडकवून ठेवलं असेल तर त्याला कोर्टापुढे हजर करा, असा तो अर्ज असतो. सुभद्राकाकूंनी त्याचा अर्थ विचारला आणि मी सांगितला. “आमी काय नातीक डांबून ठेवलां?” एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

तेव्हा कुठे जयवंत वकिलाकडे यायला तयार झाला. माझ्या मावसबहिणीची मुलगी देविका दादरला वकिली करते. तिने सगळे कागद दोनदा वाचले. मग चष्मा काढून आधी माझ्याकडे पाहिलं, कारण रागवायला घरचा माणूस बरा पडतो.

ती म्हणाली, यतीनमामा, सहा महिने मागे मोजतात, पुढे नाही. दावा दाखल झाला त्या दिवसापासून मागे. मार्चमध्ये अर्ज पडला तेव्हा मनवाला इथे येऊन दोन महिनेही झाले नव्हते, त्यामुळे त्या कोर्टाची हद्द त्याच दिवशी पक्की झाली. समन्स बजावलं की नाही ह्याचा तिच्याशी काही संबंध नव्हता. बजावणी असते ती पक्षकाराला आपली बाजू मांडता यावी म्हणून. ती तुम्ही घेतली नाहीत, म्हणजे हद्द बदलली नाही, फक्त अनुजाचं म्हणणं कुणी ऐकलं नाही.

जयवंत खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होता. लोक समन्स का टाळतात ह्यावर तो आयुष्यभर हसला होता, आणि समन्स कशासाठी असतं हे त्याला बासष्टाव्या वर्षी दादरच्या एका ऑफिसात कळत होतं. मला त्याच्याकडे बघवेना. त्याने हळूच विचारलं, तिथल्या कोर्टाचा हुकूम इथे चालतो काय? आपली हद्द वेगळी ना?

देविकाने तेही समजावलं. पळवून नेलेली मुलं एकमेकांना परत करण्याचा काही देशांचा आपसात करार आहे. आपण त्यात नाही. त्यामुळे इथलं कोर्ट तिथल्या हुकुमाला बांधलेलं नाही. पण ते तिकडे डोळेझाकही करत नाही. पोरीचं हित कशात आहे ते आपलं कोर्ट स्वतः बघतं. जन्म कुठे, नागरिकत्व कुठलं, वाढली कुठे, शाळा कुठे, आणि आईबाप कसे वागले. तुमची माझगावची गोष्ट मामाने मला सांगितली आहे काका, ती म्हणाली. मनवाचा दोर तिकडच्या खुंट्याला बांधलाय. ह्या दहा महिन्यांत तो इथे थोडा सरकलाय, तेवढं मी कोर्टाला दाखवीन.

तिने खरंच जीव तोडून दाखवलं. शाळेच्या बाईंचं पत्र, मनवाची चित्रं, हितेंद्रने उत्तरच न दिलेले अनुजाचे मेसेज. मी प्रत्येक तारखेला मागच्या बाकावर असायचो. एका तारखेला समोरच्या वकिलांनी वैभवचा रिपोर्ट वाचून दाखवला आणि त्यालाच मनवाच्या शाळेचा हजेरीपट जोडला. अठ्ठावीस जूनच्या आदल्या दिवशी मुलगी शाळेत हजर, सोडल्याची सही आईची; नंतरच्या दिवशीही तसंच. मग आई गावी केव्हा गेली आणि केव्हा आली? ‘तिचे वडील जयवंत धुरी यांनी सांगितले,’ हे त्यांनी दोनदा वाचलं. त्यांनी तो निवृत्त बेलिफ आहे हेही सांगितलं. न्यायाधीशांनी मान वर करून बाकांकडे पाहिलं, त्याला शोधत. जयवंत उभा राहिला. कुणी सांगितलं नव्हतं, पण नाव पुकारलं की उभं राहायची त्याला सवय होती. न्यायाधीश पुन्हा कागदांकडे वळले तरी तो तसाच उभा होता. शेवटी मी त्याचा शर्ट ओढून त्याला खाली बसवलं.

हितेंद्रचा मला मनस्वी राग होता. पण खोटं कशाला लिहू? न्यायाधीशांनी मनवाला आत बोलावून तिच्याशी वीस मिनिटं गप्पा मारल्या त्या दिवशी ती बाहेर आली तेव्हा तिच्या बुटाची नाडी सुटलेली होती, आणि हा माणूस पॅसेजमध्ये गुडघे टेकून ती बांधत होता आणि नाडी त्याला दिसत नव्हती, डोळे भरले होते म्हणून. तो वाईट बाप नव्हता. वाईट नवरा होता. ह्या दोन गोष्टींच्या मधोमध ती पोर सापडली होती. आत काय विचारलं, असं आजीने विचारल्यावर मनवा म्हणाली, “कुठे राहायचंय विचारलं. मी म्हटलं दोन्हीकडे.”

जानेवारीत निकाल लागला. मनवाने चार आठवड्यांत परत जावं. अनुजालाही बरोबर जायची मुभा. ती आली तर हितेंद्रने तिची वेगळी राहायची सोय करावी, आणि तिने तिथल्या कोर्टात जाऊन आपलं म्हणणं मांडावं. ते कोर्ट आपला एकतर्फी हुकूम बदलू शकतं. निकाल माणुसकीला धरून होता असं देविका म्हणाली, आणि वाचल्यावर मलाही तसंच वाटलं. त्याने फार फरक पडला नाही.

कारण राहिला होता व्हिसा. अनुजाचा जुना व्हिसा नवऱ्याच्या नावावरचा, तो संपलेला. नव्यासाठी तिने अर्ज केला, मुलाखत झाली, नाकारला. हायकोर्टाचा निकाल जोडून पुन्हा अर्ज केला, पुन्हा नाकारला. देविकाने कोर्टाकडून दोनदा मुदत वाढवून घेतली. तिसऱ्यांदा न्यायाधीश म्हणाले की मी मुलीला पाठवायचा हुकूम देऊ शकतो, वडिलांना आईचं घर भाड्याने घ्यायला लावू शकतो. पण दुसऱ्या देशाने कुणाला आत घ्यावं हे माझ्या हातात नाही. जयवंत माझ्या कानात म्हणाला, “हद्द संपली.” ते तो चेष्टेने म्हणाला नव्हता.

एप्रिलमध्ये दादरला देविकाच्या ऑफिसात मनवाला हितेंद्रच्या हाती दिलं. तिला सांगितलं होतं की आई मागून येतेय. तिने बूट घातले होते, कारण विमानात पाय गार पडतात असं तिचं म्हणणं. ताबा दिल्याच्या कागदावर अनुजाने सही केली, साक्षीदार म्हणून मी केली. जयवंतने मनवाला उचलून घेतलं, तेव्हा तिने त्याला विचारलं, “आजोबा, गॅलरीतली हद्द पुसणार का?” तो नाही म्हणाला. घरी आल्यावर अनुजा आतल्या खोलीत जाऊन पडली आणि तीन दिवस उठली नाही. सुभद्राकाकूंनी लाल दिव्यांच्या चपला बाहेर होत्या तिथेच राहू दिल्या. त्या उचलायची हिंमत कुणाला नव्हती.

सुरुवातीला आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल यायचा. मग पंधरा दिवसांनी. हुकूम एकतर्फी होता, त्यात आईने कधी बोलायचं, कधी भेटायचं ह्याचा एक शब्द नव्हता. जे मिळत होतं ते हितेंद्रच्या मर्जीवर.

देविकाने तिथली एक वकीलबाई शोधून काढली. कागदपत्रं जमवायला, शपथपत्रं करायला वेळ लागणार होता, पण काम सुरू झालं. ती म्हणाली की हितेंद्र आता घटस्फोटाचाही अर्ज करील. त्याचं समन्स इकडे आलं की ते ताबडतोब घ्यायचं. त्या खटल्यात मनवाच्या भेटीगाठींचं सगळं नव्याने ठरेल, आणि आई दिल्लीमार्गे आलेलं समन्स घेऊन हजर झाली म्हटल्यावर टाळण्याचा डाग थोडा पुसला जाईल.

झालं. जयवंतला एवढंच हवं होतं. दुसऱ्या दिवसापासून तो वैभवला फोन करायला लागला, दर सोमवारी. कागद आला काय? नाही काका. दिल्लीहून डाक आली काय? आली, पण त्यात नाही काका. ज्या माणसाला बघून अख्खी मुंबई मागच्या दाराने पळायची, तो स्वतःच्या दारात खुर्ची टाकून समन्सची वाट बघत बसला. बाहेर जाणं त्याने बंद केलं. एकदा मी त्याला गिरगावात माझ्याकडे जेवायला बोलावलं तर म्हणाला, मी नसताना वैभव आला आणि अनुजा अंघोळीला गेली असली तर? पुन्हा ‘मिळून आली नाही’ लागेल. मी चिडून म्हटलं, अरे, तो दुसऱ्या दिवशी येईल. त्याने ऐकलं नाही. त्याची तब्येत ढासळत चालली होती आणि मला त्याची काळजी वाटायला लागली होती.

ऑगस्टच्या शेवटी वैभवचाच फोन आला, आधी त्याला आणि मग मला. उद्या अकरा वाजता. मी साडेदहालाच लालबागला पोचलो. जयवंतने इस्त्रीचा शर्ट घातला होता, दाढी केली होती. अनुजाला त्याने दाराजवळच खुर्चीवर बसवलं होतं, ओळखपत्र हातात देऊन. ती वाळून गेली होती. सुभद्राकाकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

वैभव आला. त्याने अनुजाचं पूर्ण नाव वाचलं आणि विचारलं, ताई आहेत का?

“आहे. घरातच आहे,” जयवंत म्हणाला आणि दारातून बाजूला झाला.

अनुजाने लिफाफा घेतला, प्रतीवर सही केली. जयवंतने तिला सहीखाली तारीख घालायला लावली, मग वेळ, मग वैभवकडून सही तपासून घेतली. एखाद्या नव्या पोराला शिकवावं तसं हे सगळं चाललं होतं. अनुजा लिफाफा छातीशी धरून बसून राहिली.

वैभव रिपोर्ट लिहायला कठड्याशी गेला. गॅलरीतली खडूची हद्द पावसाच्या ओलीने पुसट झाली होती. नंतर कुणीतरी ती पुन्हा गिरवली होती. रिपोर्टात घरात राहणाऱ्यांचा आकडा लिहायचा असतो. त्याने सवयीने खाली पाहिलं, आणि त्याचं पेन थांबलं. माझा सोडला तर चार जोड होते. लाल दिव्यांच्या चपलांवर धूळ बसली होती.

“काका, घरात राहणारे किती लिहू?” त्याने खाली बघतच विचारलं.

जयवंतनेही त्या चपलांकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मोजायला वेळ लावला.

“तीन,” तो म्हणाला. “ती चप्पल धरू नको.”